तंबू घ्यावा, पण रात्र आठवून

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या घरी वेळ अमावस्येची बोलणी सुरू होतात. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला ही अमावस्या समजावून सांगावी लागत नाही. त्या दिवशी लातूरच्या बाजारपेठेत कुत्रेदेखील दिसत नाही, कारण सगळे शहर उठून शेतात गेलेले असते. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात आणि ज्याला नाही तो मित्राच्या शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, तिच्यावर शाल पांघरायची, आत पांडव मांडून पूजा करायची आणि मग भज्जी, उंडे, आंबील, खीर यांच्यावर आडवा हात मारायचा. निवृत्तीनंतर मी नांदेडला स्थायिक झालो असलो तरी त्या दिवशी आमची गाडी औसा तालुक्यातल्या सासुरवाडीच्या शेताकडे वळते म्हणजे वळते.

गेल्या वर्षी या बोलण्यांत एक नवा विषय निघाला. पुण्याहून मुलाचा फोन आला, ‘‘बाबा, या वेळी येळवशीला रात्री शेतातच राहायचं. पोरीला चांदण्या दाखवायच्या आहेत. मी तंबू घेतोय. तोच पुढे मला ट्रेकलाही होईल.’’ पाठोपाठ मोबाइलवर आठ तंबूंची छायाचित्रे आली. दोन हजारांपासून चाळीस हजारांपर्यंतचे. खाली मजकूर होता, ‘‘तुम्ही जन्मभर कोटेशनं तपासलीत. यातलं एक निवडून द्या.’’

मी उत्साहाने ही बातमी स्वयंपाकघरात दिली. ही मेथी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘‘तंबूत मी नाही झोपायची. दिवसभर राहीन, स्वयंपाक करीन, सगळं करीन. रात्री मला गावात भावाकडे सोडा.’’ आणि मेथीचे ताट उचलून आत निघून गेली.

मुलाला वाटले, आईला थंडी वाजेल. सुनेला वाटले, सासूबाईंना पाठदुखीची भीती असेल. खरे कारण मला माहीत होते. पण त्याकडे मी थोड्या वेळाने येतो. आधी कोटेशने.

कर्ज कशासाठी हवे?

बँकेत मी बत्तीस वर्षे काढली. त्यातली बरीचशी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या ग्रामीण शाखांतून. कर्ज मागणाऱ्याला पहिला प्रश्न असे, ‘कशासाठी?’ जो माणूस ‘साहेब, ट्रॅक्टर शेतालाही होईल आणि वऱ्हाडालाही होईल’ असे म्हणे, त्याच्या प्रकरणाकडे आम्ही जरा बारकाईने बघत असू. एका वस्तूकडून दोन कामे घेणाऱ्याची दोन्ही कामे अर्धवट राहतात, असा आमचा अनुभव होता. तंबूच्या बाबतीत मुलगा नेमके तेच म्हणत होता.

पाठीवर वाहून न्यायचा तंबू आणि गाडीच्या डिकीत टाकून न्यायचा तंबू ही दोन वेगळी जनावरे आहेत. बैल आणि घोडा म्हणा. सह्याद्रीतला गड चढायचा असेल तर पाठीवरचे सगळे मिळून ओझे स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असावे, असा जुन्या भटक्यांचा ठोकताळा आहे. त्यात पाणी आले, शिधा आला, पांघरूण आले. मग तंबूला उरतात जेमतेम दोन-अडीच किलो. एवढ्या वजनात दोन माणसांना पुरेल असा तंबू मिळतो, पण त्यात उभे राहता येत नाही. कपडे बदलायचे तर आडवे पडून बदलावे लागतात. उलट गाडीतून न्यायच्या कुटुंबाच्या तंबूला वजनाची फिकीर नसते. तो सात-आठ किलोंचा असला, त्याहून जड असला तरी चालतो. त्यात म्हाताऱ्या माणसाला गुडघ्यावर न रांगता शिरता आले पाहिजे, पोराला बसून जेवता आले पाहिजे. हा तंबू पाठीवर घेऊन कुणी हरिश्चंद्रगड चढायला निघाला, तर पहिल्या तासाभरातच त्याला तंबूचा आणि तंबू सुचवणाऱ्या बापाचाही वीट येईल.

म्हणून माझा पहिला शेरा असा पडला : दोन्हींसाठी एक तंबू घेऊ नये. वर्षातून एकदाच ट्रेक होणार असेल तर हलका तंबू भाड्याने किंवा मित्राकडून घ्यावा आणि घरचे पैसे कुटुंबाच्या तंबूत घालावेत. जो आठवड्याआड डोंगरात जातो त्याने उलटे करावे.

दुसरी गोष्ट माणसांच्या आकड्याची. तंबूवर ‘चार माणसांचा’ असे छापलेले असते. हा आकडा एस.टी.च्या बाकावरच्या तीन माणसांच्या आकड्यासारखा समजावा. माणशी साधारण दोन फूट रुंदी धरून तो काढलेला असतो. त्यात चार माणसे मावतात, झोपत नाहीत. नवरा-बायको, एक मूल आणि दोन पिशव्या यांना चार माणसांचा तंबू बरोबर होतो. आजी-आजोबा धरायचे असतील तर एक अवाढव्य तंबू घेण्यापेक्षा दोन लहान घ्यावेत. घोरणाऱ्याचा प्रश्नही त्यात परस्पर सुटतो.

कापड, काठ्या आणि आपली काळी माती

पूर्वी तंबू म्हटला की मधे खांब, चारी बाजूंनी ताणलेल्या दोऱ्या आणि खुंट्या. दिंडीतल्या राहुट्या आजही तशाच असतात. आताचे घुमटाकार तंबू लवचिक काठ्यांच्या ताणावर उभे राहतात. बकमिन्स्टर फुलर या अमेरिकन कल्पक माणसाने घुमटाची जी भूमिती मांडली, तिच्यावरून १९७५ मध्ये तिकडे पहिला तसा तंबू बाजारात आला आणि मधला खांब गेला. या तंबूचा मोठा गुण म्हणजे तो खुंटी न ठोकताही उभा राहतो. उचलून सावलीत ठेवता येतो. पण म्हणून खुंट्या ठोकायच्याच नाहीत असा अर्थ कुणी घेऊ नये. वाऱ्याची एक वावटळ आली की रिकामा तंबू पतंगासारखा शेजारच्या तुरीत जाऊन पडतो.

खुंट्यांवरून आठवले. आपली जमीन ही तंबू बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नसते. त्याच्या डोळ्यांपुढे हिरवळ असते. आपल्याकडे एक तर काळी, नाही तर खडक. काळी माती सुकली की भेगाळते आणि भिजली की फुगते. कोरड्यात घट्ट बसलेली खुंटी एका पावसात लोण्यातून सुरी निघावी तशी वर येते. खडकाळ माळावर तर ती शिरतच नाही. म्हणून तंबूबरोबर आलेल्या काडीएवढ्या खुंट्यांवर विसंबू नये. वीतभर लांबीच्या जाड लोखंडी खुंट्या लोहाराकडून करून घ्याव्यात आणि माळावर असाल तर दोरी मोठ्या धोंड्याला बांधावी. आमच्या सालगड्याला हे सांगावे लागले नाही. त्याने तंबू बघितला, खुंट्या हातात घेऊन हसला आणि दोन धोंडे घेऊन आला.

कापडाचे म्हणाल तर दुहेरी तंबू घ्यावा. आत जाळीचे कापड आणि वरून पाणी न शिरणारे आवरण, दोहोंच्या मधे चार बोटे हवा. रात्रभर माणूस श्वास सोडतो, त्यातली वाफ थंड कापडाला लागून पाणी होते. एकेरी तंबूत पहाटे हे पाणी तोंडावर टपकते आणि माणूस दुकानदाराला शिव्या देतो की तंबू गळका निघाला. तो गळका नसतो, कोंदट असतो. म्हणून झरोके दोन्ही बाजूंना हवेत आणि थंडीतही ते थोडे उघडे ठेवावेत. कापड किती पाणी पेलते हे मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते. म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब ते सोसते. वरच्या आवरणाला दीड हजारापासून पुढे आणि तळाला त्याहून बरेच जास्त असावे, कारण तळावर माणसाचे वजन पडते. शिवणी आतून पट्टी लावून बंद केलेल्या आहेत का, हे हाताने चाचपून बघावे. तळाचे कापड परातीच्या काठासारखे वीतभर वर वळलेले असावे. ते पाण्यासाठी असतेच, आपल्याकडे विंचवासाठीही असते.

काठ्या फायबरच्या असल्या तर स्वस्त, पण त्या चिरतात आणि त्यांचे कूस हातात घुसते. ॲल्युमिनियमच्या महाग, पण वाकल्या तर सरळ करता येतात. मराठवाड्यातल्या उन्हात महिनाभर उभा ठेवलेला कोणताही तंबू कापडाने झिजतोच, म्हणून काम झाले की उतरवावा. ओला गुंडाळला तर बुरशी धरतो. घरी आल्यावर गच्चीवर सावलीत सुकवूनच पिशवीत घालावा. आत शेगडी, स्टोव्ह, चूल काहीही पेटवू नये. थंडीत आत निखारे घेऊन झोपलेली माणसे सकाळी उठलेली नाहीत, असे प्रकार आपण वर्तमानपत्रात वाचतो. कोरड्या नाल्याच्या पात्रात वाळू मऊ म्हणून तंबू लावू नये. आणि आकाशात विजा चमकू लागल्या की तंबू सोडून काचा वर करून गाडीत बसावे. वीज पडून माणसे दगावण्याचा मराठवाड्याला दरवर्षीचा अनुभव आहे आणि कापडाचा घुमट विजेपुढे काहीच करू शकत नाही.

इथवर मी लिहीत गेलो तेव्हा तीन पाने भरली होती. प्रकरण मंजुरीला तयार होते. पण ही काही वाचायला तयार नव्हती.

त्या तंबूतल्या रात्री

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूरला भाड्याच्या घरात आम्ही तिघे होतो. मुलगा तीन वर्षांचा. फळीवरची भांडी खाली आली, भिंतीला चीर गेली, आम्ही अंगणात आलो, वाचलो. किल्लारीचे नाव सकाळी कळले. औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावेच्या गावे ढिगारा झाली होती. सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यात हिची मावशी, मावशीची सून आणि दोन नातवंडे होती.

ती माणसे भूकंपाने मेली असे आपण म्हणतो. खरे तर ती घराने मेली. दोन-तीन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर लाकडी तुळयांवर हातभर मातीचे माळवद. उन्हाळ्यात थंड राहणारी, पिढ्यान्‌पिढ्यांची घरे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर गावातली सर्वांत भक्कम तारण मालमत्ता. तीच अंगावर आली. कुडाची, पाचटाची खोपटी मात्र उभी होती. ज्यांना आम्ही तारण नाही म्हणून दारातून परत पाठवत होतो, त्यांच्यातले बरेच जण आपल्या खोपटात जिवंत होते. माझ्या नोकरीतला हा सर्वांत मोठा धडा आणि तो कोणत्याही परिपत्रकात नव्हता.

मग तंबू आले. ट्रकच्या ट्रक. देशातून आले, परदेशातून आले. देणाऱ्यांच्या भावनेबद्दल ब्र काढण्याचा मला अधिकार नाही. पण तो तंबू आमच्या वाट्याला आला होता, आम्ही निवडलेला नव्हता. सासुरवाडीचे घर तडकले होते, म्हणून सगळे कुटुंब शेतात एका तंबूत होते आणि ही पोराला घेऊन तिथे महिनाभर राहिली. मी दिवसा शाखेत बसून पासबुके हरवलेल्या, सही करणारा माणूसच हरवलेल्या खात्यांची ओळख पटवत असे आणि रात्री तंबूवर जात असे. त्यातच पाऊस लागला. तंबू जाड सुती कापडाचा होता. असे कापड भिजले की धागा फुगतो आणि पाणी अडते, पण आतून बोट लागले की तिथून धार धरते. अकरा माणसे असलेल्या तंबूत कुणाचे बोट लागणार नाही? पोरे लागलीच बोटे लावत. दार म्हणजे दोन पल्ले आणि त्यांना आतून बांधायच्या आठ नाड्या. वाऱ्याने पल्ले उडू नयेत म्हणून रात्री त्या गच्च बांधाव्या लागत आणि ओल्या झाल्या की गाठी सुटत नसत.

एका रात्री पुन्हा धक्का बसला. असे लहान धक्के कितीतरी बसले. कापडाच्या घरात कुणाला काही होणार नव्हते. पण त्या वेळी हे कोण सांगणार आणि कोण ऐकणार? अकरा माणसे एकदम दाराकडे धावली. नाड्या सुटेनात. मधला खांब पडला आणि सगळे ओले कापड अंगावर आले. पाच-सात मिनिटे गेली असतील. मी बाहेरून विळ्याने दोऱ्या कापल्या. पोराला हिने पोटाखाली घेतले होते. तो रडतही नव्हता. त्या पाच-सात मिनिटांत तिने मावशीची आठवण काढली असणार. मी कधी विचारले नाही, तिने कधी सांगितले नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात आतून कडी लावून कुणी झोपत नाही.

पुढे पत्र्याच्या शेड आल्या, मग पुनर्वसन झाले, जागतिक बँकेच्या मदतीने बावन्न गावे नव्या जागी वसली. तो तंबू सासऱ्यांनी दोन वर्षे कडब्यावर झाकायला वापरला.

ज्यांना निवड नाही

तंबू निवडणे ही चैन आहे, हे विसरू नये म्हणून हे सांगितले. मराठवाड्यात तंबूत राहणारी माणसे नेहमीच होती. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची जत्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार असतो आणि भटक्या जमातींची पाले मैलभर पसरलेली असतात. साखर कारखान्याचा पट्टा पडला की ऊसतोड मजुरांच्या कोप्या फडाशेजारी उभ्या राहतात. त्यांत जन्म होतात, आजारपणे निघतात, पोरे अभ्यास करण्याचा प्रयत्न करतात. आमच्या नांदेडचा तर मोठा इतिहासच मुक्कामाचा आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजी बहादूरशहाच्या छावणीसोबत इथे आले, गोदावरीकाठी राहिले आणि इथेच त्यांनी देह ठेवला. २००८ मध्ये त्या घटनेच्या त्रिशताब्दीला भाविकांसाठी शहरात तंबूंच्या वसाहती उभ्या राहिल्या होत्या, त्या नांदेडकरांनी पाहिल्या आहेत.

या माणसांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पाल टाकणारी बाई आधी वाऱ्याकडे पाठ करून उभी राहते आणि मग दार ठरवते. कोपीभोवती चर खणल्याशिवाय ऊसतोड मजूर पहिली रात्र काढत नाही. आपण चाळीस हजारांचा तंबू घेतो आणि दार पश्चिमेच्या वाऱ्याला तोंड करून लावतो. पण शिकावे म्हणजे त्यांच्या जगण्याचे गोडवे गावेत असे नव्हे. आपण एक रात्र तंबूत काढतो आणि सकाळी घरी येऊन गरम पाण्याने आंघोळ करतो, म्हणून ती मौज असते. ज्याला परतायला घर नाही त्याला तंबूची मौज विचारू नये. ‘निसर्गाच्या कुशीत’ राहणाऱ्या कोपीतल्या बाईला आधी न्हाणीची आडोशाची जागा आणि पोरांना शाळा हवी आहे.

तरीही प्रत्येक घरात एक

असे असूनही माझे मत असे आहे की, मराठवाड्यातल्या ज्या कुटुंबाला परवडते त्याने एक चांगला तंबू घरात ठेवावा आणि वर्षातून एकदा तरी तो उभा करावा. हौसेसाठी तर करावाच. नातवंडांना चांदण्या दाखवण्याची संधी शहरातल्या दिव्यांनी हिरावून घेतली आहे. शेत आहे, माहितीतला माळ आहे, जिथे परवानगी मिळते अशी ठिकाणे आहेत. मात्र कंधार, औसा, उदगीरच्या किल्ल्यांत किंवा माहूरकडच्या जंगलात विचारल्याशिवाय खुंटी ठोकू नये. त्या जागा आपल्या बापाच्या नाहीत, सगळ्यांच्या बापाच्या आहेत.

पण हौसेपलीकडे दुसरे कारण आहे. २०२४ मध्ये मार्चच्या २१ तारखेला आणि पुन्हा जुलैच्या १० तारखेला सकाळी हिंगोली जिल्ह्यात भूकंप झाला. धक्के नांदेडलाही बसले. आमच्या कॉलनीतली सगळी माणसे रस्त्यावर आली. मोठे नुकसान झाले नाही, पण पुढचे चार दिवस म्हातारी माणसे व्हरांड्यात झोपत होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातल्या गावांत रात्रीतून पाणी शिरले आणि सप्टेंबरमध्ये सगळा मराठवाडा पुराने धुऊन निघाला. पुराच्या पाण्यात तंबू कामाचा नाही. पण पाणी ओसरल्यावर, घरात गाळ आणि बाहेर पाऊस अशा चार रात्री काढायच्या असतात, तेव्हा तो कामाचा असतो. सरकारचा ट्रक येईल, येतोही. पण पहिली रात्र नेहमी आपल्यालाच काढायची असते.

मी तर म्हणेन, प्रत्येक शाळेने, प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने आणि ग्रामपंचायतीने चार-सहा तंबू घेऊन ठेवावेत. स्नेहसंमेलनाला हजारो रुपयांचा मंडप पडतो, त्यात हे बसते. मुलांनी ते अंधारात उभे करून दाखवावेत, त्याची स्पर्धा ठेवावी. स्काउटमध्ये आम्हाला गाठी शिकवत, त्याची टिंगल करण्यात आमची पिढी रमली. विळा हातात घेऊन दोऱ्या कापायची वेळ आली तेव्हा सुटणारी गाठ म्हणजे काय ते मला कळले.

येळवशीची रात्र

हे सगळे मी मुलाला कळवले. पहिल्यांदाच त्याला त्या रात्रीची हकिगतही सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विकत न घेता दोन वेगवेगळे तंबू भाड्याने आणले. ‘‘आधी झोपून बघू, मग घेऊ,’’ म्हणाला. बँकेच्या माणसाला यापेक्षा चांगला प्रस्ताव कोणता?

येळवशीला दुपारी जेवणे झाली. कोपीशेजारी दोन्ही तंबू उभे राहिले. नात कोपीतून तंबूत आणि तंबूतून कोपीत पळत होती. तिच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. संध्याकाळी चूड पेटवून शेताभोवती फिरवून झाली, गाड्या गावाकडे निघाल्या. मी हिला सोडायला गाडीची किल्ली काढली. ही तंबूपाशी उभी होती.

‘‘अहो, याचं दार आतून किती वेळात उघडतं?’’ तिने विचारले.

तीन पानी अहवालात मी वजन लिहिले होते, कापड, शिवणी, काठ्या, खुंट्या, मिलिमीटर, सगळे लिहिले होते. हा रकाना नव्हता.

ती आत गेली. मुलाला म्हणाली, चेन लाव आणि विजेरी विझव. आतून सरकन चेन उघडल्याचा आवाज आला. तिने पुन्हा लावायला सांगितली. पहिल्या तंबूला एकच दार होते आणि चेन कापडात अडकत होती. तिसऱ्या वेळी अडकलीच. ती दुसऱ्या तंबूत गेली. त्याला समोरासमोर दोन दारे होती आणि चेन जाड दातांची. डोळे मिटून तिने दोन्ही दारे चार-चार वेळा उघडली. मग नातीला आत बोलावले आणि तिच्याकडून उघडून घेतली. नातीला हा खेळ फार आवडला. मग म्हणाली, ‘‘हा मधे खांब नाही ना?’’ नाही म्हटल्यावर तिने कापड वरून हाताने दाबून पाहिले. घुमट खाली गेला आणि हात काढल्यावर पुन्हा वर आला.

‘‘गोधड्या आणा,’’ ही म्हणाली.

रात्री थंडी चांगलीच होती. नात आजीच्या कुशीत झोपली. मी शेजारच्या तंबूत मुलाबरोबर होतो. मधेच दोनदा मला चेनीचा आवाज आला. पहाटे उठून बघितले तर तंबूचे एक दार उघडे आणि ही दाराशी शाल पांघरून बसलेली. झोप लागली का, विचारले. ‘‘लागली थोडी,’’ म्हणाली. ‘‘पोरगी शांत झोपलीय. तिला उठवू नका.’’

दोन दारांचाच तंबू आम्ही घेतला. तो नांदेडच्या घरात दाराजवळच्या फडताळात असतो, माळ्यावर नाही. वाचकांपैकी कुणी या वर्षी तंबू घ्यायला निघाले असेल, तर दुकानात तो उभा करायला लावा, आत शिरा, डोळे मिटा आणि दार उघडून बघा. घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडूनही उघडून घ्या. त्यांना जमले तर पैसे द्या.